चर्चच्या दाराबाहेर थांबलेल्या गाड्या

जुलै १९४९. आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड यांना शेवटचा निरोप देण्यासाठी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू होती. आयरिश भाषा मरू नये म्हणून आयुष्य वेचलेला हा माणूस. १९३८ मध्ये तो बिनविरोध राष्ट्राध्यक्ष झाला होता. निरोपाला देशाचं मंत्रिमंडळ आलं, पण दारापर्यंतच. पंतप्रधान जॉन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी आत न जाता रस्त्यावर आपापल्या गाड्यांत बसून राहिले.

कारण एवढंच की हाइड प्रॉटेस्टंट होते, कॅथीड्रल प्रॉटेस्टंटांचं होतं आणि मंत्री कॅथलिक होते. विरोधी पक्षनेते एमन डी व्हॅलेरा यांनी यातून आपली वाट काढली. स्वतः न जाता त्यांनी पक्षातले अर्स्किन चिल्डर्स यांना पाठवलं, कारण चिल्डर्स प्रॉटेस्टंटच होते. मंत्र्यांपैकी नोएल ब्राउन हा एकटा कॅथलिक मात्र आत जाऊन बसला. चिल्डर्स हे नाव लक्षात असू द्या, ते पुढे परत येणार आहे.

मराठी वाचकाला या गाड्या पाहून पंढरपूरचे नरहरी सोनार आठवायला हरकत नाही. कट्टर शिवभक्त, राहायला पंढरपुरात, आणि विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही हा नेम. करदोड्याचं माप घ्यायला देवळात जावंच लागलं तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून गेले. हाताला शिवाची लक्षणं लागली म्हणून पट्टी काढली, तर समोर विठ्ठल. कथेत एका दिवसात उलगडलं ते प्रत्यक्षात किती वर्षं घेतं, आणि घरात कोणाकोणाला रडवतं, हे समजून घ्यायला आयर्लंडसारखी दुसरी जागा नाही.

आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: येशू एक, बायबल एक, मग भांडायचं कशावरून? त्यामागे एक सूर असतो की हे सगळं मुळात राजकारण, धर्म नुसता निमित्ताला. मला हे अर्धंच पटतं. राजकारण आहेच, पण धर्माचं भांडणही खरंखुरं आहे आणि ते समजून न घेता पुढचं काही कळत नाही.

भांडण दोन प्रश्नांवर उभं आहे. माणसाचं तारण होतं कसं, आणि ते सांगायचा अधिकार कोणाचा? कॅथलिक उत्तर असं: येशूने शिष्यांची मंडळी उभी केली, पेत्राला तिचा प्रमुख नेमलं, ती परंपरा पोपपर्यंत अखंड आली. देवाची कृपा या मंडळीच्या संस्कारांतून माणसापर्यंत पोचते. बायबल तर हवंच, पण त्याचा अर्थ लावायला ही परंपराही हवी. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन लूथरने वाद उकरला आणि काही वर्षांत प्रॉटेस्टंट उत्तर तयार झालं: अधिकार फक्त पवित्र शास्त्राचा, तारण फक्त विश्वासाने, आणि देव आणि माणूस यांच्यामध्ये येशूखेरीज मध्यस्थ नको. पोप नको, संतांकडे मागणं नको, मरियेपुढे जपमाळ नको.

हा फरक मराठीतही दिसतो. वसईचा कॅथलिक रविवारी ‘मिस्सा’ला जातो, नगरचा प्रॉटेस्टंट ‘उपासने’ला आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ‘प्रभुभोजना’ला. दोघांच्याही पुढ्यात भाकर आणि द्राक्षारस. पण मिस्सेत ती भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते आणि वेदीवर क्रुसावरचंच बलिदान पुन्हा समोर येतं, अशी कॅथलिक श्रद्धा. बलिदान एकदाच झालं आणि संपलं, त्याला पुन्हा वेदीवर आणणं ही मूर्तिपूजा, असं जुने कडक प्रॉटेस्टंट म्हणत. एकाच्या लेखी जे सगळ्यात पवित्र, ते दुसऱ्याच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. मग ‘दोघंही आपापल्या जागी बरोबर’ असं म्हणायला जागा उरत नाही.

प्रॉटेस्टंट आपसात तरी एक होते का? छे. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की माणूस कळता झाल्यावर त्याने स्वतः मागायचा, यावरून स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात फूट पडली. फेलिक्स मांझ नावाचा तरुण म्हणत होता की तान्ह्या बाळाला विश्वास कसला आला, बाप्तिस्मा मोठेपणीच. झुरिकच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने ५ जानेवारी १५२७ रोजी त्याला हातपाय बांधून लिम्मात नदीत बुडवून मारलं. पाण्याचा वाद होता म्हणून शिक्षाही पाण्याची. हे प्रॉटेस्टंटांनी प्रॉटेस्टंटाला मारणं आहे, आणि तेही लूथरने सुरू केलेल्या धर्मसुधारणेला पुरती दहा वर्षं होतात न होतात तोच.

इथे असहिष्णुतेचं एक गणित समजून घ्यावं लागतं, नाहीतर ही माणसं फक्त दुष्ट वाटत राहतात. विहिरीत विष आहे अशी ज्याची पक्की खात्री आहे, तो शेजाऱ्याला ‘ज्याचं त्याचं पाणी’ म्हणून सोडून देत नाही. तो आरडाओरडा करतो, दोर कापतो, वेळ पडली तर शेजाऱ्याचे हात धरतो. चुकीच्या पंथात गेलेला आत्मा कायमचा नरकात जळतो हे ज्यांना शब्दशः खरं वाटत होतं, त्यांना सहिष्णुता म्हणजे निष्काळजीपणा वाटायचा. कडक घरातला बाप पोराला धाक घालतो त्यामागेही पुष्कळदा हीच भीती असते. प्रेम नसतं असं नाही. उलट प्रेम असतं, म्हणून तर जास्त जाच.

आयर्लंडमध्ये या भीतीला जमीन येऊन चिकटली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाने उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या जमिनी काढून घेऊन तिथे स्कॉटलंड आणि इंग्लंडमधले प्रॉटेस्टंट वसवले. पुढे कायदे असे झाले की कॅथलिकांना जमीन, शिक्षण, सरकारी पदं सगळ्यांत आडकाठी. गंमत म्हणजे राजाच्या अँग्लिकन चर्चबाहेरचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडहून आलेले प्रॉटेस्टंटसुद्धा, १७०४ नंतर सरकारी पदांच्या बाहेर ढकलले गेले. उतरंड होती: वर अँग्लिकन, मध्ये प्रेस्बिटेरियन, तळाला कॅथलिक. आपल्याला उतरंड काय असते ते वेगळं सांगायला नको. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली, उत्तरेकडे प्रॉटेस्टंटांचं बहुमत, दक्षिणेकडे कॅथलिकांचं, आणि दोन्हीकडे उरलेले अल्पसंख्य जीव मुठीत धरून.

आता त्या गाड्यांकडे परत. कॅथलिकाने प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पाऊल टाकू नये हा नियम खरोखर होता का? १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतलं १२५८ वं कलम सांगतं की परपंथीयांच्या उपासनेत सक्रिय भाग घेऊ नये. पण त्याच कलमात पुढे सूट आहे: अंत्यविधी किंवा लग्न अशा प्रसंगी, मानाखातर, गंभीर कारण असेल तर नुसतं हजर राहणं खपवून घेता येईल, बिशपांची हरकत नसेल तर. देशाच्या राष्ट्राध्यक्षाचा अंत्यविधी याहून गंभीर कारण कुठलं? म्हणजे नियमात फट होती. तिच्यातून आत जायचं धैर्य नव्हतं. लोक काय म्हणतील, बिशप काय म्हणतील, पुढच्या निवडणुकीत काय होईल. कडक समाजात नियमापेक्षा नियमाची सावली लांब असते, आणि माणसं सावलीलाच घाबरून वागतात.

ही सावली मुलांवर पडते ती धर्मशिक्षणाच्या तासाला नव्हे. सहा वर्षांच्या पोराला मिस्सा आणि प्रभुभोजनातला फरक काय कळणार! उत्तर आयर्लंडमध्ये मूल शिकतं ते असं: आपली शाळा ही, त्यांची शाळा ती. आपण हर्लिंग खेळतो, ते हॉकी. आपल्या गल्लीत हा झेंडा, पलीकडे तो. नाव, आडनाव, शहराला ‘डेरी’ म्हणतो की ‘लंडनडेरी’, सगळ्यांवरून ओळख पटते. इंग्रजीतलं आठवं अक्षरसुद्धा सुटलेलं नाही: कॅथलिक शाळेतून आलेला त्याला ‘हेच’ म्हणतो, प्रॉटेस्टंट शाळेतून आलेला ‘एच’. मराठी माणूस ऐकेल तर म्हणेल, हेच ते! आपणही ‘पूर्ण नाव काय?’ असं हसत विचारतो तेव्हा काय चाचपत असतो, ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही.

दोन्हीकडची मुलं ठरवून एका वर्गात बसवणारी तिथली पहिली शाळा, लॅगन कॉलेज, सुरू झाली ती १९८१ मध्ये. पहिल्या दिवशी मुलं होती २८. आजही उत्तर आयर्लंडमधल्या बहुतेक मुलांची शाळा पंथावरून ठरते.

शाळेनंतर दुसरी भिंत लग्नाची. १९०८ पासून लागू झालेल्या पोपच्या हुकमानुसार कॅथलिकाने परपंथीयाशी केलेलं लग्न कॅथलिक धर्मगुरूसमोर लागलं तरच धर्माच्या दृष्टीने वैध, आणि त्यासाठी दोघांनी लिहून द्यायचं की होणारी सगळी मुलं कॅथलिक म्हणून वाढवू. मुलांच्या जन्माआधीच त्यांच्या आत्म्याचा करारनामा. आयर्लंडच्या दक्षिणेत प्रॉटेस्टंट मुळातच थोडे, त्यामुळे प्रत्येक मिश्र लग्नात त्यांची पुढची पिढी समोरच्या बाजूला जायची. त्यांना हा हुकूम म्हणजे हळूहळू नामशेष करण्याचा बेत वाटत असे.

या कराराचं काय होतं ते १९५७ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातल्या फेथर्ड-ऑन-सी या छोट्या गावात दिसलं. शॉन क्लोनी कॅथलिक शेतकरी, बायको शीला प्रॉटेस्टंट. लग्नाच्या वेळी वचन दिलेलं. थोरली मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा गावच्या कॅथलिक धर्मगुरूने येऊन सांगितलं की ती कॅथलिक शाळेतच जाईल. शीलाला मुलीची शाळा आईबापांनी ठरवायची होती. पण धर्मगुरूच्या सांगण्याचा सूर असा की निर्णय आधीच झालेला आहे. एप्रिलमध्ये एके दिवशी शीलाने दोन्ही मुलींना गाडीत घातलं आणि ती गाव सोडून गेली. आधी बेलफास्ट, मग स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ऑर्कनी बेटं.

गावातल्या कॅथलिकांनी ठरवलं की तिला पळायला प्रॉटेस्टंटांनीच मदत केली असणार. १३ मेपासून बहिष्कार. प्रॉटेस्टंटांच्या दुकानांतून कोणी काही घेईना, दूध घेईना. प्रॉटेस्टंट मुलांच्या शाळेतल्या कॅथलिक शिक्षिकेने काम सोडलं. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात, आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध २०१६ मध्ये खास कायदा करावा लागला. आयर्लंडचा या बाबतीत मान मोठा आहे: ‘बॉयकॉट’ हा शब्दच तिथला. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी वाळीत टाकलं आणि त्याचं आडनाव जगभरच्या भाषांत जाऊन बसलं. पण कुळांनी जमीनदाराच्या माणसावर धरलेलं हत्यार आता गावातल्या बहुसंख्यांनी मूठभर शेजाऱ्यांवर धरलं होतं.

पुढे जे झालं ते दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखं आहे. गॉलवेच्या बिशपांनी बहिष्काराची जाहीर पाठराखण केली. पण १९४९ मध्ये कॅथीड्रलच्या आत न गेलेले डी व्हॅलेरा, आता पंतप्रधान, संसदेत उभे राहून म्हणाले की हे अन्यायाचं आणि क्रूर आहे. आठ वर्षांत माणूस दारापासून इतका आत आला होता, किंवा निदान वयाने आणि पदाने त्याला बोलणं भाग पाडलं होतं. शॉननेही शेजाऱ्यांना छळण्यात भाग घेतला नाही. काही महिन्यांनी बहिष्कार विरला. शॉन ऑर्कनीला गेला, नवराबायकोचं मिटलं, सगळे घरी आले. मुली कुठल्या शाळेत गेल्या? कुठल्याच नाही. आईबापांनी त्यांना घरीच शिकवलं. इकडची नाही, तिकडची नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावरची शाळा. या भागाच्या बिशपांनी बहिष्काराबद्दल माफी मागितली ती १९९८ मध्ये, ४१ वर्षांनी.

हे झालं गावाचं. एका माणसाच्या आत कडक संस्कार कसे सैल होतात, याचा सगळ्यात बारीक हिशेब मला एका इंग्रज लेखकाने मांडलेला सापडतो: एडमंड गॉस, जन्म १८४९. त्याचं घर ज्या पंथाचं, तो प्लिमथ ब्रेदरेन पंथ मुळात १८२० च्या दशकात डब्लिनमध्येच सुरू झालेला. ‘सगळी चर्चं बिघडली, आपण काही भाऊ-बहिणी तेवढे शुद्ध’ अशी सुरुवात, आणि वीसेक वर्षांत त्या शुद्धांमध्येही दोन तट. त्यातल्या बंदिस्त तटाच्या काही शाखांनी पुढे विसाव्या शतकात असा नियम केला की पंथाबाहेरच्यांबरोबर, मग ते सख्खे आईबाप का असेनात, एका टेबलावर जेवायचं नाही. पंक्तिभेद ही काही आपलीच मिरास नाही.

एडमंडचे वडील फिलिप गॉस मोठे निसर्गशास्त्रज्ञ, समुद्रातल्या जिवांचे जाणकार, घराघरांत काचेच्या मत्स्यपेट्या ठेवण्याचं वेड लावणारे. आई-वडील दोघंही मुलावर जीव टाकणारे. पण घरात गोष्टी सांगायला बंदी, कारण गोष्ट म्हणजे खोटं आणि खोटं म्हणजे पाप. पोराला परीकथा माहीत नाहीत, समुद्री किडे मात्र लॅटिन नावांसकट पाठ. मूर्तिपूजा केली तर देवाचा कोप होतो असं वडिलांनी सांगितलं, तेव्हा या जेमतेम सहा वर्षांच्या शास्त्रज्ञाच्या पोराने प्रयोग केला. खुर्ची टेबलावर ठेवली, गुडघे टेकले, आणि ‘हे खुर्ची’ म्हणून रोजची प्रार्थना तिच्यापुढे म्हटली. मग वाट पाहिली. आभाळ स्वच्छ, रस्त्यावर रोजचीच वर्दळ. काहीही झालं नाही. देव नाही असं त्याला वाटलं नाही, फक्त वडिलांना सगळं ठाऊक असतं या गोष्टीला तडा गेला.

आई गेल्यानंतरच्या नाताळची गोष्ट तर विसरता येत नाही. फिलिप गॉस नाताळ पाळत नसत. ख्रिसमस या शब्दातला ‘मस’ म्हणजे मिस्सा, म्हणजे पोपचा सण, म्हणजे मूर्तिपूजा. स्वयंपाकघरातल्या बायांनी चोरून छोटंसं पुडिंग केलं आणि आईवेगळ्या पोराला एक तुकडा दिला. पोट दुखलं तसं मन खायला लागलं. पोरगा वडिलांच्या खोलीत धावला आणि मूर्तीला वाहिलेलं खाल्लं म्हणून रडत कबूल झाला. वडील तडक स्वयंपाकघरात गेले, थाळीसकट उरलेलं पुडिंग उचललं आणि उकिरड्यावर नेऊन राखेत खोल पुरलं. मला त्या बायांचं वाईट वाटतं. वडिलांचंही वाटतं, कारण त्यांना खरोखर वाटलं असणार की आज आपण लेकराला वाचवलं.

एडमंड सतरा-अठराव्या वर्षी नोकरीला लंडनला गेला. वडिलांची पत्रं मागोमाग: प्रार्थना करतोस ना? शास्त्र वाचतोस ना? शंका तर येत नाहीत? एकविशीत बापलेकांची वाट वेगळी झाली. कोणा नास्तिकाने वाद घालून त्याचं मन वळवलं असं नाही, आणि कुठल्या एका दिवशी पट्टी सुटली असंही नाही. कविता वाचनात आल्या, माणसं भेटली, आणि घरचं जग लहान कपड्यासारखं तंग होत गेलं. हे सगळं त्याने लिहून छापलं ते १९०७ मध्ये, वडील जाऊन एकोणीस वर्षं झाल्यावर, आणि पहिल्यांदा तर स्वतःचं नावही न घालता. कडक घरातून बाहेर पडलेली माणसं अनेकदा असंच करतात. मत बदलायला पाच वर्षं पुरतात, आईबापांसमोर ते बोलायला जन्म जातो.

मराठीत याच वाटेवरचं मोठं नाव म्हणजे पंडिता रमाबाई, आणि त्यांची ही बाजू आपण फारशी बोलत नाही. हिंदूंनी त्यांना धर्म बदलला म्हणून दोष दिला, ख्रिस्त्यांनी आपल्यात आल्या म्हणून मिरवलं. पण १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात बाप्तिस्मा घेतल्यावर दोनच वर्षांत त्यांची तिथल्या आपल्या गुरू सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी पत्रांतून खडाजंगी चालू झाली होती. त्रिएकत्वाचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत जसाच्या तसा का मानायचा? बिशप सांगतात म्हणून? हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने आत्ताच कुठे झुगारलंय, तसलंच दुसरं मानेवर घ्यायची माझी तयारी नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये साफ कळवलं. क्रुसावर लॅटिनच अक्षरं का, संस्कृत काय कमी पवित्र आहे, असाही सवाल केला. समोरून उत्तर यायचं त्याचा मथितार्थ: हा अहंकार. आज्ञा न पाळणाऱ्या बाईला प्रत्येक धर्मात हा एकच शब्द मिळतो.

दुष्काळात आईवडील डोळ्यांदेखत गेलेले, तीर्थयात्रा आणि पुराणपाठात बालपण सरलेलं, अशी ही बाई. तिने इंग्लंड-अमेरिकेत पाहिलं काय, तर अँग्लिकनांतले विधींना जपणारे ‘हाय चर्च’ आणि साधेपणा मानणारे ‘लो चर्च’ असे दोन गट, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, कॅथलिक, मॉर्मन, आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणणारा. ख्रिस्ती देशांत धर्मांचा हा बायबलमधल्या बाबेलसारखा, कोणाचं कोणाला कळू नये असा गोंगाट पाहून आपलं काय झालं, ते त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. शेवटी केडगावला त्यांनी मुक्तिसदन उभं केलं ते कुठल्याही एका पंथाच्या खुंटीला न बांधता. एका कडक घरातून सुटलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कडक घरात शिरतो, कारण ओळखीचं वाटतं. रमाबाई उंबऱ्यावर थांबून प्रश्न विचारत राहिल्या.

मग बदललं काय? कॅथलिकांच्या बाजूने मोठं वळण आलं रोममधल्या १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. प्रॉटेस्टंटांना तिने ‘दुरावलेले बंधू’ म्हटलं. ‘चुकीला हक्क नसतात’ ही जुनी भूमिका बाजूला सारून प्रत्येक माणसाला धर्मस्वातंत्र्य आहे असं मान्य केलं. १९७० मध्ये मिश्र लग्नांचे नियम सैल झाले. लेखी वचन दोघांकडून घ्यायचं थांबलं, आता फक्त कॅथलिक जोडीदाराने आपल्या परीने प्रयत्न करीन एवढं म्हणायचं. १९९९ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लूथरपंथीयांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: तारण देवाच्या कृपेने विश्वासातून, यावर आपलं मूलभूत एकमत आहे. ज्या मुद्द्यावर युरोप फुटला त्यावर. बातमी म्हणून ती फार गाजली नाही, कारण तोवर बहुतेकांना तो मुद्दाच आठवत नव्हता.

आणि चिल्डर्स. १९४९ मध्ये दुसऱ्याच्या बदल्यात आत गेलेले अर्स्किन चिल्डर्स पुढे स्वतः आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि नोव्हेंबर १९७४ मध्ये पदावर असतानाच वारले. अंत्यविधी त्याच सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये. या वेळी कॅथलिक मंत्री आत होते. दार तेच, मधे पंचवीस वर्षं.

उत्तरेकडे मात्र त्याच वर्षांत बॉम्ब फुटत होते, आणि रोममध्ये बदललेलं वाक्य बेलफास्टच्या गल्लीत पोचायला उशीर लागत होता. लिमावडी गावात प्रेस्बिटेरियन पाळक डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी समोरच्या कॅथलिक चर्चच्या फादरांशी नाताळच्या शुभेच्छांची देवाणघेवाण केली. रस्ता ओलांडून ‘सुखाचा नाताळ’ म्हणणं, बस. त्यांच्या विरोधात निदर्शनं झाली, त्यांच्याच मंडळीतल्या लोकांनी जगणं अवघड केलं, आणि १९८५ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला निघून गेले. याउलट केन न्यूवेल यांचं. तरुणपणी प्रॉटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डर या कट्टर संघटनेत असलेला हा माणूस पाळक झाला, इंडोनेशियातल्या तिमोर बेटावर शिकवायला गेला, आणि तिथे कॅथलिकांशी मैत्री झाली. बेलफास्टपासून इतक्या दूर त्याला कोणी ‘आपला की त्यांचा’ विचारत नव्हतं. परत आल्यावर १९८१ पासून त्याच्या फिट्झरॉय मंडळीचे लोक आणि क्लोनार्ड मठाचे कॅथलिक एकत्र बसून बायबल वाचू लागले. आर्मस्ट्राँग आणि न्यूवेल, दोघांचा पंथ एक, काळ एक, देशही एक. एकाला मंडळीने सांभाळलं, दुसऱ्याला नाही. मन मोठं झालं तरी त्याला बसायला कोणीतरी सतरंजी टाकावी लागते.

शेवटची गोष्ट नागपूरची. इंग्लंड-अमेरिकेतले पंथ इथे आले ते आपली भांडणं सामानात घालूनच. बोस्टनहून आलेल्या मिशनने काम केलं म्हणून नगरकडची पुष्कळ घरं काँग्रिगेशनल झाली, स्कॉटिश मिशनमुळे मुंबई-पुण्यातली काही प्रेस्बिटेरियन. पंथ निवडून घेतलेला नव्हता, कुठला साहेब आधी आला त्यावर ठरलेला होता. लूथरशी किंवा स्कॉटलंडच्या राजाशी या माणसांचं काय देणंघेणं? म्हणून १९२९ पासून बोलणी सुरू झाली आणि एक्केचाळीस वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट अगदी ऐन वेळी बाहेर राहिले, रुसवेफुगवे झाले, पुढे मालमत्तांचे खटलेही झाले. सगळं गोड झालं नाही.

बोलण्यांत सगळ्यात चिवट गाठ होती बाप्तिस्म्याची. सहांमधल्या अँग्लिकनांकडे आणि प्रेस्बिटेरियनांकडे तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी, बॅप्टिस्टांकडे कळत्या वयात पाण्यात बुडी. फेलिक्स मांझ ज्यासाठी लिम्मात नदीत बुडाला तोच प्रश्न. नागपूरला त्याचं उत्तर असं लिहिलं गेलं की दोन्ही रीती चालतील. त्यामुळे आज एकाच चर्चमध्ये, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन घरांपैकी एक जण बाळाला घेऊन पुढे येतो आणि दुसरा म्हणतो, आमची अजून लहान आहे, मोठी झाली की ती ठरवेल. पाळक दोघांचीही नावं वहीत लिहून घेतो.